राणी एस्तेर

फाल्गुनी पौर्णिमेच्या संध्याकाळी आपल्या मुकुंदवाडीत गल्लोगल्ली होळ्या पेटतात. पोरे बोंबा मारतात, बायका पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, आणि वर्षभराचे अमंगल त्या ज्वाळांत जळून जावे असे मनोमन म्हणतात. बहुधा ह्याच सुमारास, चंद्र पूर्ण होत आलेला असताना, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या काही घरांत एक वेगळा उत्सव चालू असतो. मुंबई, ठाणे, पुणे आणि अलिबाग येथील सिनेगॉगमध्ये चर्मपत्राची एक गुंडाळी उलगडली जाते आणि एका राणीची कथा मोठ्याने वाचली जाते. त्या सणाचे हिब्रू नाव पुरीम. परंतु कोकणातील बेने इस्राएल समाज आपल्या जुन्या बोलीत त्याला होळीचा सण असेच म्हणत असे. रोश हशानाला नव्याचा सण, योम किप्पूरला दारफळणीचा सण, आणि पुरीमला होळीचा सण! एका परक्या भूमीतील प्राचीन कथा आपल्या मातीत किती खोलवर रुजली होती, ह्याची साक्ष ह्या एका नावातच मिळते.

ती राणी म्हणजे एस्तेर. यहुद्यांच्या पवित्र ग्रंथसंग्रहात तिच्या नावाचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या आणि १९२४ साली छापून पूर्ण झालेल्या मराठी बायबलातही तो आहे. तरीही आपल्यापैकी पुष्कळांना एस्तेरचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. सावित्री, द्रौपदी, जिजाऊ, अहिल्याबाई ह्यांच्या कथा ऐकत आपण वाढलो. त्यांच्या पंगतीत बसण्याची योग्यता असलेल्या ह्या ज्यू नायिकेचा परिचय आपल्या महाविद्यालयातील वाचकांना करून द्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

कथेला प्रारंभ होतो तो इराणात, शूशन नगरीत. आजच्या इराणच्या नैर्ऋत्य भागात शूश नावाचे गाव आहे. तेथील टेकाडांत फ्रेंच संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन केले, तेव्हा इराणी सम्राटांच्या भव्य राजवाड्याचे अवशेष बाहेर आले. ग्रंथात ह्या सम्राटाचे नाव अहश्वेरोश असे दिले आहे. इतिहासकार बहुधा त्याला झर्क्सीस मानतात, ज्याने इ. स. पूर्व ४८६ ते ४६५ ह्या काळात राज्य केले आणि ग्रीसवर प्रचंड स्वारी केली. त्याच्या साम्राज्यात हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत, म्हणजे इथिओपियाच्या बाजूपर्यंत, १२७ प्रांत होते असे ग्रंथ सांगतो. हिंदुस्थान म्हणजे येथे आपला सिंधूकाठचा मुलूख समजावयाचा. इराणी सम्राटांच्या शिलालेखांत गांधार आणि सिंधू हे प्रांत आले आहेत, आणि झर्क्सीसच्या सैन्यात सुती कपडे घातलेले हिंदी शिपाई होते असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. म्हणजे एस्तेरच्या कथेच्या पहिल्याच ओळीत आपल्या देशाचा उल्लेख येतो, ही गोष्ट भारतीय वाचकाला सुखावणारी आहे.

ह्या बादशहाने राज्याच्या तिसऱ्या वर्षी सरदार-सरंजामदारांना बोलावून १८० दिवस आपल्या वैभवाचे प्रदर्शन मांडले. मग शूशनमधील लहानथोरांना सात दिवस मेजवानी दिली. राजवाड्याच्या बागेत पांढरे-निळे पडदे, संगमरवरी खांब, सोन्यारुप्याचे मंचक आणि सोन्याची मद्यपात्रे. सातव्या दिवशी मद्याने मस्तक फिरलेल्या बादशहाने हुकूम सोडला, की राणी वश्तीने मुकुट घालून दरबारात यावे आणि आपले सौंदर्य सर्वांना दाखवावे. वश्ती आपल्या महालात बायकांना मेजवानी देत होती. तिने येण्यास साफ नकार दिला.

त्या नकाराचे कारण ग्रंथ सांगत नाही. पण सांगण्याची गरज तरी काय? कौरवसभेत ओढून आणलेली द्रौपदी आठवली, म्हणजे वश्तीच्या मनात काय आले असेल हे कोणाही भारतीय वाचकाला उमजते. फरक एवढाच, की द्रौपदीच्या हाकेला धावून येणारा कोणी होता. वश्तीच्या हाकेला कोणी आला नाही. बादशहाचे सल्लागार एकत्र बसले आणि त्यांनी खल केला तो वश्तीचा नव्हे, स्वतःच्या घराचा! आज राणीने नवऱ्याचे ऐकले नाही हे कळले, तर उद्या साम्राज्यातील प्रत्येक बायको नवऱ्याला जुमानणार नाही, ही त्यांची भीती. वश्तीचे राणीपद काढून घेण्यात आले, आणि प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी अशी पत्रे प्रांतोप्रांतीच्या भाषांतून धाडण्यात आली. १२७ प्रांतांचा धनी आपल्या बायकोला आज्ञेत ठेवू शकला नाही म्हणून त्याने फर्मान काढावे, ह्यातील उपहास ग्रंथकाराच्या नजरेतून सुटलेला नाही. वश्ती येथून कथेबाहेर जाते. पण एस्तेरच्या धाडसाचा विचार करताना तिला विसरून चालणार नाही, कारण त्या राजवाड्यात राजाची मर्जी मोडली तर काय होते हे एस्तेरने तिच्याच रिकाम्या सिंहासनावर बसून पाहिले होते.

शूशनमध्ये मर्दखय नावाचा एक यहुदी राहत होता. त्याचे पूर्वज यरुशलेमहून बाबिलोनच्या बादशहाने कैद करून आणलेले. त्याच्या चुलत्याची मुलगी हदस्सा आईबापाविना पोरकी झाली, तेव्हा मर्दखयने तिला आपली मुलगी मानून वाढवले. हदस्सा हे एका सुगंधी पानांच्या सदाहरित झुडपाचे नाव आहे. तिचे दुसरे नाव एस्तेर. इराणी भाषेत ताऱ्याला जो शब्द आहे, त्याच्याशी ह्या नावाचे नाते असावे असे बरेच अभ्यासक मानतात. आपल्या मराठीतला सितारा त्याच घराण्यातला. एकाच मुलीला घरात एक नाव आणि बाहेर एक नाव असावे, हे परमुलखात राहणाऱ्या समाजांच्या बाबतीत नवे नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांचेही तसेच असे. धर्मकार्यात शमुवेल आणि गावात सामाजी, धर्मकार्यात हेस्केल आणि गावात हसाजी.

बादशहासाठी नवी राणी निवडावयाची म्हणून राज्यभरातल्या सुंदर मुली गोळा करण्यात आल्या. ग्रंथ म्हणतो की एस्तेरलाही नेण्यात आले. तिला विचारले होते असे कोठेही म्हटलेले नाही. बारा महिने त्या मुलींना सजवीत असत. सहा महिने बोळाच्या तेलाने आणि सहा महिने सुगंधी द्रव्यांनी. आपली पाळी येताच प्रत्येक मुलगी मागेल ते दागिने-वस्त्रे घेऊन बादशहाकडे जाई. एस्तेरने मात्र जनानखान्याचा अधिकारी हेगे याने सुचवले तेवढेच घेतले. तिच्या स्वभावाचे हे पहिले दर्शन. न मागणारी, पाहणारी, ऐकणारी मुलगी. राज्याच्या सातव्या वर्षी, दहाव्या महिन्यात, तिच्या मस्तकावर राजमुकुट आला.

आपले कुळ आणि आपले लोक कोणते हे कोणालाही सांगू नकोस, अशी मर्दखयने तिला ताकीद दिली होती, आणि तिने ती पाळली. मर्दखय रोज जनानखान्याच्या अंगणापुढून येरझाऱ्या घालीत असे, आपली मुलगी बरी आहे ना एवढे कळावे म्हणून. ग्रंथातले हे एक साधे वाक्य वाचताना मन हेलावते. लेक मोठ्या घरी दिली तरी बापाचा जीव उंबऱ्यावरच घुटमळत राहतो.

ह्याच येरझाऱ्यांत मर्दखयला कळले की दोन द्वारपाल बादशहाचा खून करण्याच्या बेतात आहेत. त्याने एस्तेरला निरोप दिला, एस्तेरने मर्दखयच्या नावाने तो बादशहाच्या कानी घातला, चौकशीत गोष्ट खरी ठरली. त्या दोघांना फाशी झाली आणि प्रसंगाची नोंद दप्तरात झाली. मर्दखयला बक्षीस मात्र काहीच मिळाले नाही. ही नोंद वाचकाने लक्षात ठेवावी.

पुढे बादशहाने हामान नावाच्या सरदाराला सर्वांहून वर चढवले. दरवाजावरचे सगळे चाकर त्याच्यापुढे गुडघे टेकीत. मर्दखय टेकीत नसे. हामान अगागी होता, म्हणजे ज्या अमालेकी राजाशी इस्राएलाचे पिढीजात वैर त्याच्या वंशातला असे परंपरा मानते. पण कारण कोणतेही असो, एका ताठ मानेचा राग हामानने कोणावर काढावा? केवळ मर्दखयवर हात टाकणे त्याला क्षुल्लक वाटले. त्याने मर्दखयच्या साऱ्या जातीचा नायनाट करण्याचे ठरवले. ह्या कामासाठी शुभ दिवस कोणता हे पाहण्यास त्याने पूर, म्हणजे चिठ्ठ्या, टाकल्या. पुरीम हे सणाचे नाव त्यावरूनच पडले. पहिला महिना निसान, म्हणजे साधारण आपला चैत्र. आणि दिवस निघाला तो बाराव्या महिन्यात, अदारात, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास.

हामानने बादशहाला जे सांगितले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याने त्या लोकांचे नावही घेतले नाही. तुमच्या राज्यात एक जात विखुरलेली आहे, तिचे कायदे इतरांहून वेगळे आहेत, ती बादशहाचे कायदे पाळीत नाही, तेव्हा तिला राहू देणे हिताचे नाही, असा त्याच्या बोलण्याचा सारांश. वर तिजोरीत दहा हजार किक्कार रुपे भरण्याची तयारी दाखवली; आजच्या मापाने ते तीनशे टनांहून अधिक भरते. बादशहाने कोणती जात म्हणून विचारलेसुद्धा नाही. बोटातली मुद्रा काढून दिली. अदार महिन्याच्या १३ तारखेला सर्व यहुदी, तरुण-वृद्ध, बायका-मुले, एका दिवसात ठार करावे आणि त्यांची मालमत्ता लुटावी, अशी फर्माने घोडेस्वारांबरोबर निघाली. आणि राजा व हामान मद्य घेत बसले. शूशन नगर मात्र गोंधळून गेले. वेगळे असणे हाच गुन्हा ठरवण्याची ही रीत अडीच हजार वर्षे जुनी आहे. विसाव्या शतकात युरोपात साठ लाख ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा तिच्या मुळाशीही हीच रीत होती.

मर्दखयने कपडे फाडले, गोणपाट नेसले, अंगावर राख घेतली आणि तो नगरातून आक्रोश करीत राजदरवाजापर्यंत आला. गोणपाट नेसून आत जाण्यास मनाई होती. राजवाड्यात दुःख शिरू नये अशीच तेथली व्यवस्था! एस्तेरला दासींकडून हे कळले. तिने काय केले? त्याला चांगले कपडे पाठवले. तिला फर्मानाची वार्ताही नव्हती. चार-पाच वर्षांच्या राणीपदाने तिच्या आणि तिच्या लोकांच्या मध्ये केवढी भिंत उभी केली होती ती येथे दिसते. मर्दखयने कपडे परत पाठवले. तेव्हा तिने हथाक नावाच्या सेवकाला चौकशीस धाडले. मर्दखयने त्याच्याजवळ फर्मानाची नक्कल दिली, आणि एस्तेरने बादशहाकडे जाऊन आपल्या लोकांसाठी विनवणी करावी असे सांगितले.

एस्तेरचे पहिले उत्तर धाडसाचे नव्हते, आणि म्हणूनच ती आपल्याला जवळची वाटते. तिने कायदा सांगितला. बोलावल्यावाचून आतल्या चौकात बादशहापुढे जो जाईल, पुरुष असो की स्त्री, त्याला मृत्यूची शिक्षा. बादशहाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच तो वाचावयाचा. आणि मला तर तीस दिवसांत बोलावणे आलेले नाही. ह्या शेवटच्या वाक्यात राणीपदाचे सारे पोकळपण आले आहे.

मर्दखयने निरोप धाडला तो कठोर होता. राजवाड्यात आहेस म्हणून तू एकटी वाचशील अशा भ्रमात राहू नकोस. तू गप्प राहिलीस तरी आपल्या लोकांची सुटका दुसरीकडून होईल, पण तू आणि तुझ्या बापाचे घराणे नाहीसे होईल. आणि कोणी सांगावे, अशाच वेळेसाठी तुला हे पद मिळाले नसेल कशावरून? अशा अर्थाचे ते बोलणे होते. ज्याने तिला ओळख लपवायला शिकवले, तोच आता ती उघड कर म्हणून सांगत होता.

येथे कथेचा कणा वळतो. आतापर्यंत एस्तेरच्या बाबतीत सगळे घडत आले होते; तिला वाढवले, तिला नेले, तिला सजवले, तिला मुकुट घातला. ह्या क्षणापासून ती स्वतः करू लागते. तिने मर्दखयलाच आज्ञा दिली. शूशनमधल्या सर्व यहुद्यांना जमव, तीन दिवस आणि तीन रात्री अन्नपाणी घेऊ नका, मी आणि माझ्या दासीही उपास करू, मग कायदा मोडून मी बादशहाकडे जाईन, मरण आले तर मरेन. आणि ग्रंथ म्हणतो, मर्दखयने जाऊन तिने सांगितल्याप्रमाणे सर्व केले. मुलगी झाली होती त्याची. आता राणी झाली.

तिसऱ्या दिवशी तिने राजवस्त्रे घातली आणि ती आतल्या चौकात जाऊन उभी राहिली. समोर सिंहासनावर बादशहा. तीन दिवसांच्या उपासाने उतरलेला चेहरा, अंगावर जड वस्त्रे, आणि मनात वश्तीचे काय झाले ह्याची आठवण असणारच. बादशहाने राजदंड पुढे केला. तिने जवळ जाऊन त्याच्या टोकाला स्पर्श केला. अर्ध्या राज्यापर्यंत काय हवे ते माग, असे तो म्हणाला.

दुसऱ्या कोणीही तेथेच पाय धरले असते. एस्तेरने मागितले काय? बादशहाने आणि हामानने आज माझ्याकडे मेजवानीला यावे! मेजवानीत बादशहाने पुन्हा विचारले, तर उद्याही या एवढेच ती म्हणाली. आपल्याकडच्या सावित्रीची येथे आठवण होते. यमाकडे तिने एकदम पतीचे प्राण मागितले नाहीत. सासऱ्याची दृष्टी, सासऱ्याचे राज्य, पित्याला पुत्र, अशी एकेक पायरी चढत तिने यमाला अशा जागी आणले, की शेवटचा वर नाकारणे त्याला शक्य राहिले नाही. एस्तेरही बादशहाचे वचन दोनदा, तीनदा त्याच्याच तोंडून वदवून घेते. दोघींच्या हाती शस्त्र नव्हते. होता तो उपास, धीर आणि नेमक्या वेळी उच्चारलेला शब्द.

हामान त्या दिवशी आनंदाने तरंगत घरी निघाला. दरवाजावर मर्दखय उठला नाही, हालला नाही, तेवढ्याने त्याचा सारा आनंद नासला. बायको जेरेश आणि मित्र ह्यांच्या सल्ल्याने त्याने पन्नास हात उंचीचा खांब उभारला, सकाळी मर्दखयला त्यावर लटकवण्यासाठी. त्याच रात्री बादशहाला झोप येईना. त्याने दप्तर वाचावयास सांगितले, आणि निघाली ती द्वारपालांच्या कटाची जुनी नोंद. मर्दखयला काही मान दिला काय? काही नाही. इतक्यात हामान मर्दखयच्या फाशीची परवानगी मागण्यास चौकात आलाच. बादशहाने विचारले, ज्याचा सन्मान करावा असे राजाला वाटते त्याच्यासाठी काय करावे? हा माणूस आपणच असे समजून हामानने राजवस्त्रे, राजाचा घोडा आणि नगरातून मिरवणूक असे सगळे सुचवले. आणि मग त्यालाच मर्दखयच्या घोड्यापुढे ललकारी देत शूशनच्या चौकांतून चालावे लागले. मराठी कीर्तनकाराच्या हाती हे आख्यान पडले तर तो ह्या जागेवर श्रोत्यांना पोट धरून हसवील. बेने इस्राएल समाजाने १८८० च्या सुमारास धर्मकथा सांगण्यासाठी मराठी कीर्तनाचा प्रकार स्वीकारला होता, ही नोंदही येथे करून ठेवली पाहिजे.

दुसऱ्या मेजवानीत एस्तेरने तोंड उघडले. तिने आपला जीव मागितला आणि आपल्या लोकांचा जीव मागितला. आम्हाला नुसते दासदासी म्हणून विकले असते तर मी गप्प राहिले असते, पण आम्हाला मारण्यासाठी विकले आहे, असे ती म्हणाली. आम्ही आणि आम्हाला! इतकी वर्षे लपवलेली ओळख ह्या एका शब्दाने उघड झाली. खांबाकडे नेणारा शब्द तो तिच्याही बाबतीत ठरला असता, कारण फर्मान तिलाही लागू होते. हे करण्याची छाती कोणाची, असे बादशहाने विचारताच तिने समोर बसलेल्या हामानकडे बोट दाखवले. बादशहा संतापाने बागेत गेला, हामान जीव वाचवण्यासाठी राणीच्या मंचकावर कोसळला, परत आलेल्या बादशहाला त्याचा वेगळाच अर्थ वाटला. शेवटी मर्दखयसाठी उभारलेल्या खांबावर हामानच लटकला.

पुष्कळजण कथा येथेच संपवतात. ग्रंथ मात्र संपवीत नाही. हामान मेला, पण फर्मान जिवंत होते. बादशहाच्या मुद्रेने निघालेला लेख फिरवता येत नाही असा तेथला नियम. एस्तेर पुन्हा, बोलावल्यावाचूनच, बादशहाच्या पाया पडली आणि रडली. पहिल्या वेळी ती धीराने उभी होती. स्वतःचा जीव वाचल्यावर ती रडली, लोकांसाठी. मला वाटते तिचे मोठेपण येथे अधिक दिसते. ती आता सुरक्षित होती आणि तरीही तिने दुसऱ्यांदा राजदंडाची वाट पाहिली.

तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेला दुसरे फर्मान निघाले. जुने रद्द करता येत नव्हते, म्हणून यहुद्यांना शस्त्र घेऊन स्वसंरक्षण करण्याची परवानगी देण्यात आली. अदारच्या १३ तारखेला लढाया झाल्या. राजवाड्याच्या शूशनमध्ये ५०० आणि प्रांतांत ७५,००० शत्रू मारले गेले असे ग्रंथ सांगतो. एस्तेरने शूशनसाठी आणखी एक दिवस मागून घेतला, आणि आणखी ३०० मारले गेले. लुटीला हात लावला नाही असे ग्रंथ तीनदा बजावतो. तरीही हा भाग वाचताना आजच्या वाचकाचे मन अडखळते आणि अडखळलेच पाहिजे. अन्यायातून वाचलेल्याच्या हाती सत्ता आली की तिची मर्यादा कोठे, हा प्रश्न एस्तेरची कथा आपल्यापुढे ठेवते आणि उत्तर देत नाही. नायिकेवरील प्रेमापोटी तो प्रश्न झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ही कथा इतिहास म्हणून कितपत धरावी? इराणी लेखांत एस्तेरचे नाव आढळत नाही. हिरोडोटस झर्क्सीसच्या राणीचे नाव अमेस्ट्रिस असे देतो. त्यामुळे आज बहुसंख्य अभ्यासक हा ग्रंथ इराणी दरबाराची चांगली माहिती असलेल्या लेखकाने रचलेली ऐतिहासिक कथा मानतात. इराणात हमदान येथे एस्तेर आणि मर्दखय ह्यांची समाधी म्हणून एक जुनी वास्तू दाखवतात आणि तेथील ज्यू ती पवित्र मानतात. आणखी एक विशेष असा, की ह्या हिब्रू ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही. मृत समुद्राकाठच्या गुहांत इतक्या हस्तलिखितांचे तुकडे सापडले, पण त्यांत एस्तेरचा तुकडा नाही. पुढे ग्रीक भाषांतरात प्रार्थना घालून ही उणीव भरून काढली गेली. मला स्वतःला ती उणीव वाटत नाही. समुद्र दुभंगला नाही, आकाशवाणी झाली नाही. एक मुलगी उठली आणि चौकात जाऊन उभी राहिली. ज्यांच्या आयुष्यात चमत्कार होत नाहीत अशा सर्वांना ही कथा म्हणूनच आपली वाटते.

आता पुन्हा आपल्या महाराष्ट्रात येऊ. बेने इस्राएलांची परंपरा अशी, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ते घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली. किहीमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. हे लोक वेगळे होते, त्यांचे कायदे वेगळे होते, ते विखुरलेले होते; हामानने सांगितलेली एकूण एक गोष्ट त्यांना लागू होती. पण कोकणात त्यांना हामान भेटला नाही. त्यांच्या वेगळेपणाला गावाने एक नाव दिले, ते तेल विकत राहिले आणि गाव ते तेल घेत राहिले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथेही त्यांनी मराठी बोलणे टिकवले. ह्या भूमीने आपल्याला छळले नाही हे ते अभिमानाने सांगतात. तो अभिमान त्यांच्याइतकाच आपलाही आहे आणि तो टिकवण्याची जबाबदारी मात्र मुख्यतः आपली.

मराठवाड्यातही हिब्रू शब्दाचे एक रोप लावलेले आहे. मुकुंदवाडी स्टेशनावरून जी गाडी जालन्याला जाते, त्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची वसाहत वसवली. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचे घर. इतक्या दूरचे शब्द आणि कथा आपल्या दाराशी येऊन थांबलेल्या असतात. आपण वाकून पाहावे एवढेच.

एस्तेरने तलवार उचलली नाही, सैन्य चालवले नाही. तिच्यापुढे प्रश्न होता तो आपल्यापैकी कोणापुढेही उभा राहतो. मी स्वतः सुखरूप आहे. बाहेर माझ्याच लोकांवर संकट आहे. बोलले तर हातचे जाईल, गप्प राहिले तर कोणी मला विचारणार नाही. आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुली घराण्यातल्या पहिल्या शिकणाऱ्या आहेत. उद्या त्यांतली कोणी कचेरीत बसेल, कोणी शाळेत शिकवील, कोणी न्यायालयात उभी राहील. त्या खुर्चीपर्यंत पोहोचल्यावर दरवाजाबाहेर गोणपाट नेसून कोणी रडत असेल, तर त्याला नुसते चांगले कपडे पाठवावयाचे, की चौकात जाऊन उभे राहावयाचे, हे प्रत्येकीला आणि प्रत्येकालाही ठरवावे लागेल. एस्तेरनेही आधी कपडेच पाठवले होते, हे आठवले म्हणजे धीर येतो.

पुरीमच्या दिवशी ज्यू लोक एकमेकांच्या घरी खाऊ पाठवतात आणि गरिबांना दान देतात. आदल्या दिवशी एस्तेरच्या नावाने उपास करतात. वाचनात हामानचे नाव आले की मुले खुळखुळे वाजवून आणि पाय आपटून ते बुडवून टाकतात. आपल्या होळीच्या बोंबांचाच तो भाऊ! पुढल्या फाल्गुनात मुकुंदवाडीच्या होळीपुढे उभे असताना, ह्याच चंद्राखाली अलिबागला उलगडल्या जाणाऱ्या त्या गुंडाळीची आणि तीन दिवस उपाशी राहून चौकात उभ्या राहिलेल्या त्या पोरक्या मुलीची एकदा तरी आठवण करावी.